दोन हाका पाण्याच्या

उमेंद्रने गाडी तलावाच्या पारीखाली, बांधाच्या पायथ्याशी लावली, तरी मी उतरले नाही. ही जागा माझ्या नवऱ्याला मोबाईलवर सापडली होती. गोंदियाहून दीड तास, सौंदडच्या पुढे, डोंग्यातली चक्कर, चुलीवरची मच्छी. काठावरच्या वस्तीचं, टोलीचं नाव कुठेच नव्हतं, नुसतं ‘लेक पॉईंट’. फोटोतला तलाव मी ओळखला. माझं माहेर केशोरीचं. पण या टोलीत मामाकडे तीन वर्षं राहिले, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

“उतर ना चेतना, भूत थोडंच बसलंय इथं,” तो हसला. चौदा वर्षांची टीना तोवर घाटावर पोचलीही होती.

जेवण करून घालणारी बाई जमुनाबाई निघाली. पाठीतून वाकलेली, पण शिंगाडे सोलणारे हात तेच. तिने मला लगेच ओळखलं.

“पाटलाची भाची ना वो तू? चेती? भल्ली जाड झाली.”

“झाले, काकी.”

“बस. मच्छीत काटे हायेत, पोट्टीले पाहून खाऊ घाल.”

लखनचं नाव तिने काढलं नाही. मीही नाही.

लखन तिचा मुलगा. तो बावीसचा, मी एकोणीसची. तो मासे धरणाऱ्या ढिवराचा, मी पाटलाच्या घरातली. आमचं काय होतं ते अख्ख्या टोलीला माहीत होतं, फक्त मामाला नव्हतं. त्या दुपारी तो शिंगाडे तोडायला डोंगा घेऊन आत गेला. बेशरमाच्या झुडपांआड डोंगा उलटला आणि शिंगाड्याच्या वेली पायांत गुंडाळल्या. हे सगळं नंतर कळलं. मला फक्त हाक ऐकू आली. “चेती!” मी पारीवरच्या मोहाच्या झाडाखाली उभी होते. पुन्हा आली. “चेती!”

या टोलीत लेकरांना चालायला यायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. भर दुपारी पाण्यावरून हाक आली तर ओ द्यायची नाही. पहिल्या दोन पाण्याच्या, तिसरी माणसाची. मी तिसरीची वाट पाहत उभी राहिले. बुडणाऱ्याच्या छातीत तीन हाकांपुरती हवा उरत नाही, हे कोण्या गाढवाने सांगितलं नव्हतं. आणि खरं लिहिते, तो नियम तेव्हा माझ्या सोयीचाही होता. ओ दिली असती तर पाटलाच्या भाचीचा आवाज मामाच्या ओसरीपर्यंत गेला असता.

जेवल्यावर उमेंद्र झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. टीना पाण्याकडे निघाली तशी जमुनाबाईने हटकलं.

“बाराच्या टायमाले तिकडं नोको जाऊ बाई. आन कोनं हाक मारली तं ओ नोको देऊ. पयल्या दोन पान्याच्या, तिसरी मानसाची.”

“वॉव, हॉरर!” टीना म्हणाली.

माझं डोकं फिरलं. “खोटं आहे ते! माझ्या लेकीला असलं शिकवू नका, काकी. याच्यापायी तुमचा लखन मेला. त्याने दोन हाका मारल्या. मी ऐकल्या. मी ओ दिली नाही.”

बोलून गेले. अठ्ठावीस वर्षांनी.

जमुनाबाईने हातातला शिंगाडा खाली ठेवला. “मले मालूम हाये. तू मोहाखाली होती, मी घाटावर होती. म्या बी आयकल्या. म्या बी तिसरीची वाट पाह्यली.”

“आन मंग अजून कायले शिकवून रायली वो?” माझ्या तोंडून टोलीचीच बोली निघाली.

तिने पाण्याकडे बोट केलं.

“चेती!”

बेशरमाआडून. बावीस वर्षांच्या पोराचा आवाज, धाप लागलेला. मी उमेंद्रकडे पाहिलं. तो घोरत होता, आणि त्याने मला कधी चेती म्हटलेलं नाही.

“आई, तुला कोण बोलवतंय?” टीनाने विचारलं.

जमुनाबाईने माझं मनगट पकडलं. “थांब. आयक नुसती.”

मी हात झटकला आणि साडीसकट गुडघाभर पाण्यात शिरले. “ओ! ओ लखन! आली मी!” टोलीतली माणसं दारात आली. येऊ दे. ऐकू दे सगळ्यांना.

शिंगाड्याचं एक पानही हललं नाही. मी कान देऊन उभी राहिले. दुसरी हाक आली नाही.

उमेंद्र उठून काठावर आला होता. “काय झालं? लखन कोण?”

“सांगते,” मी म्हणाले. “सगळं सांगते.”

वळले तर जमुनाबाई कानामागे हात धरून तशीच उभी.

“दुसरी नाई आली,” ती म्हणाली. “रोज येते. बाराच्या टायमाले दोन हाका. तुह्या नावाच्या रायतेत, माह्या नावाची एक बी नाई. पन आवाज तं माह्या पोट्ट्याचा होता. म्हनून मी कोनाले ओ देऊ देत नव्हती.”

“काकी...”

“ओ देल्ली तू. सुटला तो.” तिने कानामागचा हात काढला नाही. “आता उद्या मी काय आयकू वो, चेती?”