गेर्मानने बसवलेले दात

गोठ्यातलं गवत संपत आलं होतं आणि गंज्या नदीतल्या बेटावर होत्या. पेचोरा नदी काठाला गोठली होती, पण मधली धार अजून वाहती होती. घसरगाडी नेता येत नव्हती आणि होडीही. उरली गेर्मानची गाडी. होडीसारखं पोट आणि दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे पट्टे असलेली ती गाडी त्याने स्वतः जोडली होती. उन्हाळ्यात ओंडक्याखाली त्याचा पाय चिरडला, तेव्हापासून ती त्याची बायको अल्बिना चालवायची.

बर्फ पडायला लागल्यावर गेर्मानने पट्ट्यांवर उंच पोलादी दात बसवले. पायावर चालता येत नव्हतं, पण हात रिकामे ठेवणं त्याला जमत नव्हतं.

"आता कुठेही चढेल बघ," तो म्हणाला.

पाण्यातून बर्फाच्या कडेवर गाडी खरंच पहिल्या झटक्यात चढली. पण बेटावर कमरेइतका भुसभुशीत बर्फ होता. तिथे दातांनी बर्फ पकडायच्या ऐवजी उकरला. बघता बघता पट्टे खाली गेले, गाडीचं सपाट पोट बर्फावर टेकलं आणि पट्टे नुसतेच फिरत राहिले. अल्बिनाने फावड्याने पोटाखालचा बर्फ काढला, आपल्याच चाकोरीतून गाडी मागे घेतली आणि गवत न घेता परतली.

"जोरात दाबलं असशील," गेर्मान म्हणाला.

"नाही दाबलं."

"मग घसरली कशी?"

"घसरली नाही. खड्डा खणत बसली."



दुसऱ्या दिवशी तो पायाची मलमपट्टी बदलायला दवाखान्यात गेला, तेव्हा अल्बिनाने शेजारच्या प्रोकोपीला बोलावलं. दोघांनी एकाआड एक दात काढले आणि त्या जागी कुंपणाच्या फळ्या आडव्या बसवल्या, पट्ट्याबाहेर वीतभर येतील अशा. भार पसरला की गाडी बुडणार नाही, असा तिचा हिशेब होता. नाक वर राहावं म्हणून पेट्रोलचं पिंपही तिने मागे सरकवलं.

"तुझ्या नवऱ्याने विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस हं," प्रोकोपी म्हणाला.

"सगळं गाव बघतंय, काका."

गेर्मान कुबड्यांवर परतला. भिंतीशी पडलेले दात त्याने पाहिले, आत येऊन सूप प्यायला, वाटी बाजूला सारली.

"कुंपण मोडलंस."

"उन्हाळ्यात नवीन घालू."

"दात काढायचे होते तर सांगायचंस मला."

"सांगितलं असतं तर काढू दिले असतेस?"

त्याने थोडा विचार केला. "नसते." मग म्हणाला, "उद्या मीही येतो."

सकाळी तो पाय लांब करून तिच्या शेजारी बसला. पाण्यात फळ्यांनी वल्ह्यांचं काम केलं, गाडी पूर्वीपेक्षा वेगाने गेली. बर्फाच्या कडेवर मात्र ती दोनदा मागे घसरली. गेर्मान काढलेल्या दातांच्या जागांकडे बघत राहिला, आणि तेच अल्बिनाला जास्त बोचलं. तिसऱ्यांदा गाडी चढली.

बेटावरचा बर्फ तसाच होता, पण गाडी आज थोडीशीच दबून पुढे चालली. पोट टेकलं नाही. अल्बिनाने त्याच्याकडे बघायचं टाळलं. गंजीजवळ तिने गाडी झटकन वळवली आणि काडकन फळ्या मोडल्याचा आवाज आला.

"मोठं वळण घ्यायचं," गेर्मान म्हणाला. "फळीवर आडवा जोर येतो. आणि हे जुनं लाकूड वाळून ठिसूळ झालंय. तिकडे बर्चची झाडं आहेत, एक तोडून आण."

तिने बर्च तोडून आणला. तो बर्फावरच बसला, दुखरा पाय सरळ ठेवून, आणि कुऱ्हाडीने फळ्या तासू लागला. ती गवत भरत राहिली. तुटलेल्या फळ्या काढून त्याने नव्या आवळल्या, तोवर गाडीवर गवताचा डोंगर झाला होता.

"मी चालवू?" त्याने विचारलं.

"क्लच कसा दाबशील?"

"तो तू दाब. वळवायचे दांडे मी धरतो."

ती त्याला खेटून बसली आणि त्याच्या पायाशेजारून आपला पाय क्लचवर ठेवला. पहिल्यांदा गाडी हिसका देऊन बंद पडली. "मी सांगितल्यावर दाब," तो म्हणाला. "मग सांग ना," ती म्हणाली. पुढच्या वेळी जमलं. मोठी वळणं घेत, गवत सांडत, गाडी नदीकडे निघाली.