गालाने उघडलेलं कुलूप

कुलूपवाल्याचं सगळं दुकान त्याच्या उजव्या अंगठ्यात असतं. कुलपात तार सारायची, डोळे मिटायचे आणि आतला खटका कुठे अडलाय ते अंगठ्याला विचारायचं. पण पत्र्याने मनगट कापलं, आतली स्पर्श कळवणारी नस तुटली, आणि आमच्या कुलूपवाल्याचा अंगठा मुकाच झाला. डॉक्टरांनी नस शिवली, पण तिचे धागे परत वाढताना भलत्याच बोटांत घुसले. आता अंगठ्याला हात लावला की हा बाबा छातीठोकपणे सांगायचा, "मधलं बोट."

मेंदूला नवे पत्ते पाठ व्हायला वेळ लागेल, असं व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून बायको रोज टूथब्रशने एकेक बोट घासायची, आणि हा डोळे मिटून रोज नापास व्हायचा.

त्यात दाढी करताना नवीनच खूळ निघालं. गालावर साबण फासला की अंगठ्याला गुदगुल्या. बाई म्हणाल्या, मेंदूत हात आणि तोंड शेजारी-शेजारी राहतात. हाताची खोली रिकामी दिसली म्हणून गालाने तिथे पथारी पसरली असेल. हे ऐकून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. ज्याला स्वतःची बोटं ओळखता येत नाहीत तो कसली कुलपं उघडणार? रविवारी आपला भाचा येईल, धंदा सांभाळायला हत्यारांची पेटी घेऊन जाईल, आणि जावईबापू कुठल्याशा गोदामावर राखणीला बसतील. झालं, निकाल लागला. बिचारा पेटीतली एकेक तार पुसून ठेवायला लागला.

रविवारी भाचा दारात उभा आणि सासूबाई आंघोळीला गेलेल्या. न्हाणीघराच्या दाराचं कुलूप आतून अडकलं ते अडकलंच. त्यांनी आतून घर डोक्यावर घेतलं. भाच्याने मोठ्या ऐटीत पेटी उघडली, एक तार मोडली, दुसरी वाकवली आणि मग दार फोडू या म्हणाला. टॉवेल गुंडाळून बसलेल्या सासूबाईंनी त्याला आतूनच असं काही झापलं की तो सोफ्यावर जाऊन बसला.

शेवटी कुलूपवाला गुडघ्यावर बसला. तार घातली. अंगठा ढिम्म. घामाने डबडबला, तेव्हा बायकोने पदराने त्याचा गाल पुसला, आणि मेलेला अंगठा एकदम दचकला. तो बायकोकडे बघतच राहिला. मग तारेचं मागचं टोक गालाला टेकवलं, डोळे मिटले आणि दारावर रेलून हळूहळू मान हलवायला लागला. भाच्याला वाटलं, याचं डोकं फिरलं.

खटका गालात लागला, कळला मात्र अंगठ्याला. खट्.

दार आत उघडलं आणि कुलूपवाला गालासकट सासूबाईंच्या पायाशी जाऊन पडला. त्यांनी आधी टॉवेल सावरला. मग भाच्याला म्हणाल्या, "पेटी होती तिथे ठेव."

त्यांनी वाकून जावयाच्या गालावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याचे डोळे भरून आले.

"आई," तो म्हणाला, "जरा खाली. तिथे मधलं बोट लागतंय, अंगठा खाली आहे."

सासूबाईंनी निमूटपणे हात खाली सरकवला.