लाकडाचा पाय

माझा धाकटा भाऊ पमून मरून दोन वर्षं झाली, तरी तो घरातच होता. आमच्या नाईलकाठी रीतच तशी. मेलेल्याला खारवायचं, तागाच्या पट्ट्यांत गुंडाळायचं आणि खाटेवर ठेवायचं. सणावारी त्याच्यापुढं भाकरी मांडायची. मी त्या खोलीत केर काढायलाही जात नसे. माझी भावजय तसोय मात्र त्याच्या उशाशी बसून मसूर निवडायची, त्याच्याशी बोलायची.

त्याचा उजवा पाय मगरीनं नेला, त्यातच तो गेला. पट्ट्या बांधणाऱ्यांनी त्या जागी लाकडाचा पाय बसवून दिला.

तसोयला ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचा होता. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, आपा हारीस, घरी आले नि म्हणाले, "पोरी, आधी त्याला मूठमाती दे."

"नाही देणार. मातीत कुजला, तर शेवटच्या दिवशी देव मेलेल्यांना उठवेल तेव्हा उठणार कोण? आधीच एक पाय कमी आहे."

"तसोय, आपांशी असं बोलतात का गं?" मी म्हटलं.

"वन्सं, तुम्ही नका बोलू. भावाकडं कधी फिरकलात तरी का?"

झोंबलं मला. पण खोटं काय होतं त्यात?

आपा चिडले नाहीत. खाली बसून तेही मसूर निवडू लागले. "देवाला आपल्याला वरूनच वाचवता आलं असतं. पण तो आईच्या पोटी आला. हाडामांसाचं अंग घेतलं, भूक सोसली, मेला, लोकांनी त्याला पुरलंसुद्धा. आपलं अंग त्याला टाकाऊ वाटलं असतं, तर एवढं कशाला केलं असतं? तो उठला तो त्याच अंगानं. आपल्यालाही तसाच उठवेल."

"पायासकट?"

"पायासकट."

"मगरीनं खाल्लेला?"

आपांनी मसुरातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मगर तरी कुणाची? देवाचीच."

तसोयनं खाटेवरच्या पट्ट्या नीट सारख्या केल्या. मग म्हणाली, "मगरीनं खाल्लेला पाय देवाला सापडणार असेल, तर मातीतला माणूसही सापडेल."

सकाळी वाळूत खड्डा खणला. पमूनला खाली ठेवण्याआधी तसोयनं पट्ट्या सोडल्या आणि तो लाकडाचा पाय काढून घेतला.

मी वैतागले. "आता हे काय नवीन? राहू दे की तो."

"त्याचा खरा पाय यायचाय ना, वन्सं. जागा मोकळी नको का?"

तेव्हा कुठं मला भावासाठी रडू फुटलं.