दाजींनी ओ दिली नाही

दोनदाताई सतरा नंबरच्या पवनचक्कीच्या टोकावर, पात्यांमागच्या यंत्रखोलीत उभी होती आणि तिची बोट तिच्याशिवाय किनाऱ्याकडे निघाली होती. एवढं सोडलं तर दिवस छान गेला होता.

तिला सगळे दोनदाताई म्हणत, कारण ती प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. बोल्ट दोनदा, कडी दोनदा, चहात साखर घातली की नाही हेही दोनदा. त्यामुळे तिचा चहा दुसऱ्या कुणाला पिववत नसे. आत्ताही छताची झडप नीट लागली ना, हे पुन्हा बघायला ती लिफ्टने वर आली होती. झडप नीट लागलेली होती. पहिल्यांदाही होती.

आज तपासणी साहेब आले होते. पवनचक्कीवर माणूस मागे राहू नये म्हणून दोनदाताईने अकरा पानांची पद्धत लिहिली होती, त्यावर त्यांची सही हवी होती. सही झाली तर तिची नोकरी पक्की. नाही झाली तर शुक्रवारपासून परत ऑफिसच्या तळमजल्यावर, बोल्टांच्या याद्या टाइप करायला. पद्धत सोपी होती. बोट सुटण्याआधी बोट चालवणारा तांडेल आणि फोरमन यांनी वेगवेगळी डोकी मोजायची, एकमेकांना न विचारता. एक चुकला तर दुसरा पकडेल. दोघं एकदम चुकायचा प्रसंग नऊ हजार वर्षांत एकदा, असं तिने गणित मांडून छापलं होतं.

ती नऊ हजार वर्षं आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी भरली.

कशी भरली, ते तिला बोटीकडे बघताबघताच उमगलं. दाजी! दाजी म्हणजे सुटकेच्या सरावासाठी पवनचक्कीवरच ठेवलेला ऐंशी किलोचा पुतळा. तो नुसता बसून असायचा आणि चौघांनी उचलल्याशिवाय हलायचा नाही, म्हणून दाजी. आज सरावात त्याचा खांदा उसवला, म्हणून त्याला शिवायला नेत होते. अंगात नारिंगी सूट, डोक्यावर हेल्मेट. पुतळा अगदी खऱ्या माणसासारखा दिसला पाहिजे, असं पान सहावर लिहिलं होतं. कुणी लिहिलं होतं, हे सांगायला नको.

आठ गेले होते, आठ परतले. हिशेब चोख.

वॉकीटॉकी खांद्यावरच होती. पण त्यावर बोललं की सगळ्यांना ऐकू जाणार, साहेबांनासुद्धा. उलट गप्प बसलं तर? बोटीतच सही होईल, किनाऱ्यावर गेल्यावर फोरमनच्या लक्षात येईल, तो गुपचूप परत येईल. लाटा लहान होत्या. आणीबाणीच्या पेटीत बिस्किटं होती. तिने ती मोजली. दोनदा.

तेवढ्यात मोबाइल वाजला. भर समुद्रात तीन काड्या रेंज होती. घरी तिच्या खोलीत एक यायची.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"आई, मला मागे विसरून बोट गेली."

"म्हणजे नाही जेवलीस."

"अगं, दोघांनी मोजलं! दोघांचे आठ भरले!"

"मोजून काय होतंय? तुझ्या मावशीने सहलीला तेरा पोरं मोजून नेली आणि तेरा मोजून आणली. त्यातला एक भलत्याच कुणाचा निघाला. दोन दिवस जेवला आपल्याकडे. गुणी होता गं, ताट स्वतः उचलायचा. तिथेच शंका यायला हवी होती."

"आणि आपला?"

"तुझा दादाच तो. त्या पोराच्या आईने स्वतःहून आणून सोडला. तेव्हापासून मी मोजत नाही. नावाने हाक मारते. ओ दिली तर आहे, नाही तर नाही. आता आधी त्यांना सांग, आणि खा काहीतरी."

दोनदाताई बिस्किट हातात धरून थबकली. मोजणारे दोन होते, पण दोघांनी मोजली हेल्मेटंच, तीही पाठीमागून. माणसं दोन, चूक एकच. ही चूक आज लपवली तर ती उद्या तशीच राहणार. आणि उद्या इथे उभा असेल त्याच्या लाटा मोठ्या असतील, आणि आईचा फोन येईलच असं नाही.

तिने बटण दाबलं. "बोट, मी सतरा नंबरवरून बोलतेय."

"बोला ताई," तांडेल म्हणाला. मग म्हणाला, "कुठून?"

"सतरा नंबरवरून."

"चेष्टा नका करू. तुम्ही इथे साहेबांशेजारी बसलाय."

"तिला नीट बघा."

खरखर. "ताई, तुमची मान... जरा जास्तच वळतेय."

मागून साहेबांचा आवाज आला. "अरेच्चा! माझ्या चष्म्यावर खारं पाणी होतं हो. मी पंधरा मिनिटं यांना सांगतोय, पद्धत उत्तम आहे, काही शंका असेल तर बोला. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मी पेन काढलं!"

बोट परत आली. दोनदाताई शिडीवरून उतरली, तेव्हा साहेबांनी पेनाला टोपण घातलं होतं.

"तुमची पद्धत आजच नापास झाली, बाई."

"हो. म्हणून नवी लिहिलीये." तिने अकराव्या पानाची मागची बाजू दाखवली. एकच ओळ होती: नावाने हाक मारायची, सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय बोट हलवायची नाही.

"एवढीच?"

"करून बघा."

तांडेलाने हाका मारायला सुरुवात केली. फोरमन, ओ. इलेक्ट्रिशियन, ओ. दोनदाताई, ओ, ओ. दाजी. सगळे वळून बघू लागले. दाजींनी ओ दिली नाही. त्यांना यादीतून काढून सामानात टाकण्यात आलं.

"तपासणी साहेब!"

ओ नाही. तांडेलाने इंजिन बंद केलं.

"साहेब!"

साहेब मागे सामानात, दाजींचा सूट नीट करत पुटपुटत होते, "मनाला लावून घेऊ नका, चूक माझीच..."

"साहेब!!"

"ओ!" साहेब दचकले. मग थांबलेल्या इंजिनाकडे बघितलं, मग आठ चेहऱ्यांकडे, म्हणजे सात चेहऱ्यांकडे आणि दाजींकडे. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या एका ओळीखाली सही ठोकली.

"फक्त एक विनंती," ते दाजींकडे बघत हळूच म्हणाले, "माझं आणि यांचं जे बोलणं झालं, ते अहवालात नको."

दोनदाताईने ते अहवालात घातलं. एकदा पान चारवर आणि एकदा परिशिष्टात.