यांचा आवाज

आमचे हे, पिच्चैया, एकतीस वर्षं अंबासमुद्रम–तेनकाशी बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून ते पडवीत बसायचे, मी त्यांच्याशेजारी सूप मांडीवर घेऊन कंपनीच्या बिड्या वळायची, आणि बोलायचं काम माझ्याकडे असायचं. दुकानदाराशी मी, मुलीच्या फोनवर मी, घरी आलेल्या पाहुण्याशीही मीच.

गेल्या मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, यांचे गुडघे असे धरले की दारातल्या तीन पायऱ्याही भिंतीला हात लावून उतरायला लागायच्या. मी पापनाशमच्या कुट्रालिंगम वैद्यरांना निरोप धाडला. उलट निरोप आला : उपाशीपोटी या, कॉफीसुद्धा नको, आणि उठल्याउठल्याची पहिली लघवी काचेच्या बाटलीत घेऊन या.

ती बाटली पिशवीत उभी धरून मी सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसले. पुढच्या सीटवर आमच्या गल्लीतली पेच्ची. तिची नजर पिशवीत गेलीच.

"उलगम्मै अक्का, तिळाचं तेल गं? कुठून आणलंस एवढं पिवळंधमक?"

"घरच्याच घाण्याचं आहे," मी म्हटलं.

हे खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलायला लागले. पेच्ची म्हणाली, थोडं मलाही देशील का. तेव्हा मात्र मलाही तोंडाला पदर लावावा लागला.

डोंगराच्या पायथ्याशी वैद्यरांचं घर; सगळे त्यांना ऐया म्हणतात. आमच्या आधी पाचजण बाकावर होते. आत कुणीतरी खलबत्त्यात सुंठ कुटत होतं. ऐया सत्तरीचे, कपाळाला भस्म, कमरेला नुसती वेष्टी आणि खांद्यावर पंचा. आमची पाळी आली तसा त्यांनी यांचा उजवा हात मागितला, अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

"ऐया, यांचे गुडघे ना, दिवाळीपासून..." मी सुरुवात केली.

त्यांनी दुसरा हात वर केला. मी गप्प बसले. बराच वेळ ते एकेक बोट दाबत होते, सोडत होते. मग सुताचा दोरा मनगटाभोवती गुंडाळला आणि तो यांच्याच बोटांच्या रुंदीने मोजला. डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, जीभ बघितली, गुडघ्याची कातडी हाताच्या मागच्या बाजूने चाचपली. बाटलीतलं पसरट काचेच्या वाडग्यात ओतलं, तो उन्हात ठेवला आणि गवताच्या काडीने तिळाच्या तेलाचा एक थेंब अलगद सोडला. आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. थेंब हळूहळू लांबला, वळला.

"सापासारखा चाललाय. वात," ऐया म्हणाले. "झोप लागते?"

"लागते, पण तीनदा उठतात," मी म्हटलं.

"पोट साफ होतं?"

"एक दिवसाआड."

"जेवणात काय आवडतं?"

"आंबट. चिंचेचं कालवण असलं की दुसरं काही नको."

ऐयांनी वाडगा बाजूला सारला. "आच्ची, नाडी यांची बघितली, जीभ यांची बघितली. आठ परीक्षा असतात आमच्यात. त्यातली एक वाणीची. ती मघापासून मी तुमचीच बघतोय. छान ठणठणीत आहे."

बाकावरची माणसं हसली. माझे कान तापले.

"तुम्ही बोला," ऐया यांना म्हणाले.

"काय बोलू?"

एवढंच बोलले, पण तो आवाज ऐकून ऐयांनी मान वर केली. "कंडक्टर होतात ना? तुमच्या बसनं गेलोय मी. थांब्यांची नावं घ्या. बसमध्ये घ्यायचात तशी, मोठ्यानं."

हे जरा लाजले. मग म्हणाले, "आळ्वारकुरिची... कडयम..." सुकलेल्या ताडपत्रावरून नख ओढावं तसा आवाज. कडयमवर तो फाटला. तेनकाशीला तर ओठ हलले आणि नुसता वारा आला. भरल्या बसमध्ये मागच्या दारातून हाक दिली की ड्रायव्हर दचकायचा, असा माणूस हा.

"कधीपासून?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला माहीत नव्हतं.

"आडी महिन्यापासून," हे म्हणाले. म्हणजे पाच महिने.

"अहो, मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. मध्ये फट सापडली नाही." रागाने नाही म्हणाले. तेच मला जास्त लागलं.

ऐयांनी गिळताना दुखतं का, रक्त पडतं का, ते विचारलं. नाही म्हणाले. मग बिडीचं विचारलं. हे माझ्याकडे बघेनात. मीच म्हटलं, "मी वळते, ऐया. मागच्या अंगणात जाऊन ओढतात. मला वाटायचं दोन-तीन."

"बारा," हे म्हणाले.

ऐयांनी सुताचा दोरा गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "गुडघ्यांचं माझ्यावर सोपवा. पण आज मी औषध देणार नाही. तिरुनेलवेलीला घशाचे डॉक्टर दुर्बीण घालून आत बघतात. आधी तिथे जायचं. याच आठवड्यात."

"नाडीत नाही का कळत तुम्हाला?" मी विचारलं. खरं सांगते, मला तिथेच सगळं बरं व्हायला हवं होतं.

"नाडीत मला वात कळला. घशाच्या आत काय आहे ते मला दिसत नाही. न दिसलेलं दिसलं म्हणून सांगायला लागलो, तर माझ्या गुरूंच्या जागेवर बसू कसा?" त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. "बिडी आज इथेच सोडून जा."

यांनी कमरेची पुडी काढून बाकावर ठेवली.

तिरुनेलवेलीला दुर्बिणीत स्वरतंतूवर पांढरा चट्टा दिसला. तो काढला, तपासायला पाठवला. उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी एकही बिडी वळली नाही. सूप हातात घेतलं की बोटं थांबायची. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाईट नाही निघालं. पण असंच वर्ष-दोन वर्षं राहिलं असतं, तर आज मी हे म्हणू शकले नसते." हे बाकावर बसले होते. मी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इतक्या माणसांत, या वयात.

पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, असं सांगितलं होतं. मुलीची जुनी पाटी काढली. काही विचारलं की हे लिहायचे, आणि अक्षर असं सावकाश, वळणदार, की कॉफी निवून जायची. मला थांबावं लागायचं. पहिले दोन दिवस मी अर्धं लिहिलेलं वाचून उत्तर द्यायची, तर हे पाटी उलटी धरायचे. तिसऱ्या दिवसापासून मी हात मांडीवर ठेवून बसायला शिकले.

अकराव्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'पुळियंगुडीला अण्णाकडे जाऊ या.'

थोरल्या दिरांशी मुलीच्या लग्नातल्या मानपानावरून चार वर्षं बोलणं बंद होतं. भांडले होते मी. हे तेव्हा काहीच बोलले नव्हते, म्हणून मी धरून चालले की यांनाही तसंच वाटतं.

"तुम्हाला जायचं होतं? इतकी वर्षं?"

त्यांनी हो अशी मान हलवली.

पोंगल झाल्यावर आम्ही गेलो. वाटेत पापनाशमला उतरून ऐयांकडून गुडघ्यांचं तेल आणि काढा घेतला. चिंच तीन महिने बंद. ऐयांनी प्रश्न विचारले, मी बाहेर बाकावर बसले होते.

पुळियंगुडीला जाऊबाईंनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्या म्हणाल्या, "किती वाळलीस गं," आणि मला आत ओढलं. संध्याकाळी पडवीत दिरांनी धाकट्या भावाला विचारलं, "घशाला काय झालं होतं रे, तंबी?" सवयीने सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी चुलीकडे जाऊन केळफूल सोलायला घेतलं. हे सांगत होते, नव्या, खर्जातल्या आवाजात, मध्येमध्ये थांबत. तारखा दोन ठिकाणी चुकल्या. पेच्चीचा किस्सा मात्र त्यांनी माझ्यापेक्षा चांगला सांगितला. दीर पोट धरून हसत होते.