सहावा श्वास

बनारसमधल्या मंगला गौरीच्या देवळालगतच्या आमच्या गल्लीत कुणाकडे काय शिजलं, कुणाची सून रुसली, हे मला विचारावं लागत नाही, कळतंच. चौकशीची खोड आहे, आणि ती मायेपोटीच आहे असं मी आजवर समजत आले. म्हणून शेजारच्या खोलीत बँकेतली ऋता राहायला आली, तेव्हा पहिल्याच सकाळी मी चहा घेऊन हजर.

तिच्या तोंडाला प्लास्टिकचं लांबट नळकांडं होतं, त्याच्या बुडाला औषधाचा पंप. स्पेसर म्हणतात त्या नळकांड्याला.

"लहानपणापासूनचा दमा आहे, काकू," ती हसून म्हणाली. "श्वासाच्या नळ्या सुजतात, आकसतात. धूर, धूळ, थंडी, कबुतरांची पिसं, काहीही पुरतं. मग छातीत शिटी वाजते आणि पहाटे खोकला."

"मग बनारसला कशाला मरायला आलीस?"

"लोक त्यासाठीच येतात ना इकडे?"

पंप एकदा दाबायचा आणि स्पेसरमधून सावकाश पाच श्वास घ्यायचे, असं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर श्वासाला आतली झडप टिक वाजे. मी उगाच मोजत बसले. पाच झाले, ऋतानं स्पेसर कोनाड्यात ठेवला आणि ती केस विंचरू लागली.

टिक.

"वाऱ्यानं असेल," ती म्हणाली. खिडकी बंद होती.

मग ते रोजचंच झालं, कधी सहावा, कधी सहावा आणि सातवा. आणि ऋताचे श्वास मात्र कमी होऊ लागले. "चौथ्यालाच आत काही उरत नाही, काकू," ती म्हणायची. जिना चढताना मध्येच बसायची, बोलताना वाक्य तोडायची. डॉक्टरांनी तिची पंप घ्यायची रीत पाहिली, ती बरोबर होती. त्यांनी डोस वाढवला, तरी औषध छातीत पोचेना. आणखी एकदा असा दम लागला तर जिवावर बेतेल, म्हणाले.

मला त्या कोनाड्याकडे बघवेना.

गेल्या कार्तिकापर्यंत त्या खोलीत आनंदीताई राहायच्या, शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. साऱ्या गल्लीची मी काकू. नावानं हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनाही डॉक्टरांनी रोजचा पंप दिला होता, आणि कुठेसं ऐकलेलं मीच त्यांना सांगितलं होतं, "त्याची सवय लागते हो, आनंदीताई. एकदा धरला की सुटत नाही. मी अडुळशाचा काढा आणून देत जाईन." त्यांनी माझं ऐकलं. पंप कोनाड्यात पडून राहिला. धुक्याच्या एका सकाळी काढा घेऊन गेले, तेव्हा त्या खिडकीचे गज धरून बसल्या होत्या, ओठ निळे. त्यांना मणिकर्णिका घाटावर अग्नी देऊन माणसं परतायच्या आत मी तो पंप उचलून घरी आणला आणि डाळीच्या डब्यात लपवला. कुणाला बोलले नाही.

पंधरा दिवसांपूर्वी, ऋता बँकेत गेल्यावर, मी तिची खोली उघडली. किल्ली माझ्याकडेच असते. आनंदीताईंचा पंप स्पेसरला लावला, एकदा दाबला, सगळं कोनाड्यात ठेवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

टिक. मग, हजेरी घ्यावी तसे, सावकाश आणखी चार. मग शांतता.

तेव्हापासून रोज दुपारी जाते. ऋताची छाती मोकळी झाली आहे, दोन जिने ती न थांबता चढते.

आज सकाळी चहा घेऊन गेले तर ती डोळे मिटून श्वास घेत होती. पाच झाले, सहावा वाजला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिनं स्पेसर मांडीवर ठेवला आणि डोळे न उघडताच, वर्गातल्या मंद पोरीला परत एकदा समजवावं तसं, हळूच म्हणाली,

"सवय लागत नाही गं, प्रेमला."