पुतळाची अकरा मुखपृष्ठं

माझ्याकडे 'घुबड' या रहस्यकथा मासिकाचे अकरा अंक आहेत आणि अकराही अंकांवर माझी बहीण मरतेय. एकावर तिचा गळा आवळलाय, एकावर ती विहिरीच्या काठावर मागे बघत किंचाळतेय, एकावर नुसता सुरा आणि तिचे डोळे. आमच्या करावे गावातली पोरं मला डोळा मारून म्हणतात, "गोटीरामदादा, आतलं पन वाचत जा की!" वाचतो रे बाबांनो, सगळं वाचलंय. पण ती लाल ओठांची, केस कापलेली बाई आमची पुतळा आहे, हे गावात कुणालाच ओळखू आलं नाही. मला आलं. लहानपणी कालवं फोडताना तिच्या डाव्या भुवईत शिंपला घुसला होता. ती खूण प्रत्येक चित्रात आहे.

हे अंक जमवताना नऊ वर्षं गेली. वाशीपासून पनवेलपर्यंत एक रद्दीवाला सोडला नाही. वाशीतल्या लायब्ररीवाल्याशी तर भांडलो, कारण त्यानं शिक्का बरोबर तिच्या गालावर मारला होता. घरी आणला की अंकाची गंजकी पिन काढायची, दोरा भरायचा, कडुलिंबाचा पाला घालून प्लॅस्टिकमध्ये ठेवायचा. कुणी बोटाला थुंकी लावून पान उलटलं की माझं डोकंच फिरतं.

हे वेड आयसाठी. घरात पुतळाचा एकच फोटो होता, उरणच्या जत्रेत काढलेला. बानं तो चुलीत घातला. पहिले दोन अंक मिळाले तेव्हा मी हौसेनं आयला दाखवले, तर तिनं तोंड फिरवलं. "मना तिला मरताना नको बगायला. हसताना असंल तर आन." तेव्हापासून मी हसरी पुतळा शोधत होतो. आता त्र्याऐंशी साल. आयचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन सोमवारी. डॉक्टर म्हणाला, खात्री देत नाही. आय मला एवढंच म्हणाली, "गोट्या, सोमवारच्या आत पोरीचा तोंड दाव."

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. एकाहत्तर साली मी एकोणीस वर्षांचा होतो. पुतळा मुंबईत मावशीकडे राहून कामाला जायची. कसलं काम, ते आम्ही कधी विचारलं नाही. उरणजवळ मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत होतो, तर पेपरवाल्याच्या दोरीवर 'घुबड' टांगलेला आणि त्यावर आमची पुतळा! च्यायला, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अंक घेतला, धावत घरी आणला आणि बाच्या पुढ्यात टाकला. "बा, बग, आपली पुतळा छापून आयली!" बानं ते लाल ओठ, कापलेले केस बघितले. अंक चुलीत गेला, पाठोपाठ फोटो गेला. गौरीच्या सणाला पुतळा पिशवीभर खाऊ घेऊन आली, तर दार लागलं. अंगणात संध्याकाळपर्यंत उभी होती. मी मागच्या पडवीत बसून होतो, बाहेर गेलो नाही. तीन वर्षांनी ती काविळीनं गेली आणि आम्हाला कळलं तेही पंधरा दिवसांनी. पुढं बा पण गेला.

मी पावणे गावातल्या एका केमिकल कंपनीत टाइमकीपर आहे. गुरुवारी गेटवर लावायला 'धोका' लिहिलेल्या नव्या पाट्या आल्या. कवटीच्या खाली कोपऱ्यात बारीक सही होती, भगवान. त्यातल्या 'न'ची शेपटी खाली लांब ओढलेली. ही सही मी अकरा वेळा भिंगातून बघितली होती. मस्टर तसंच टाकलं आणि पाट्या आणणाऱ्या टेम्पोत बसून पेंटरच्या शेडवर गेलो.

भगवान पेंटर मराठवाड्याकडचा, साठीला आलेला. पुतळाचं नाव काढताच त्यानं ब्रश खाली ठेवला. "पुतळाबाई? आमच्या खोलीवर झाडलोटीला यायची. मॉडेल परवडत नव्हती, म्हणून तिलाच उभं केलं."

"हसतानाचं एक तरी कवर काढलं का तुमी?"

"रहस्यकथेला हसरी बाई कोण छापतंय, भाऊ? पण ती लई हसायची. किंचाळ म्हणलं की खुदकन हसायची. पहिल्या कवरला तोंड मी माझ्या मनानं भ्यायलेलं काढलं, डोळे मात्र तिचे हसरेच राहिले. संपादक लई ओरडला मला. पुढं ती अडचण राहिली नाही."

"का?"

"तिच्या घरी कुणीतरी ते पहिलं कवर दाखवलं म्हणं. घरच्यांनी दार लावून घेतलं. मग मी नुसतं म्हणायचो, पुतळाबाई, ते दार आठवा. लगेच चेहरा यायचा." त्यानं ब्रश घासलेटात बुडवला. "वाईट केलं मी. पण दर महिन्याला कवर द्यायचं असायचं."

पहिला अंक त्याच्याकडेही नव्हता. हसरी पुतळा एकदाच छापली होती आणि ती मी स्वतः घरी आणून चुलीपर्यंत पोचवली होती. ते कुणीतरी म्हणजे मीच, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. आता नवीन काढाल का, विचारलं, तर तो म्हणाला, "काढतो की. पण तोंड विसरलो, भाऊ. ती भुवईची खूण तेवढी ध्यानात आहे."

रविवारी सकाळी मी आयला सांगितलं, हसरा अंक नाय मिलला. ती म्हणाली, "मंग हायत ते आन."

उन्हात चटई टाकून अकराही अंक मांडले. आयनं एकेक उचलून डोळ्याला चिकटवला. कडुलिंबाचा वास येत होता. विहिरीवालीपाशी ती थांबली. "कातर दे."

"आय, ह्यो परत मिलनार नाय!" मी ओरडलोच. नऊ वर्षांत एक कोपरा दुमडू दिला नव्हता मी. पण तिनं हात पुढे धरलेलाच होता. दिली कातर. तिनं घुबड कापलं, विहीर कापली, गळ्याकडे येणारा हात कापला. तळहाताएवढं तोंड तेवढं उरलं.

"घाबरलेली दिसते गो," मी म्हणालो.

"घाबरलेलीच व्हती. बा तुजा खाटेवर बसलेला. दाराची कडी मी घातली. फटीतना बगत व्हते. ह्योच तोंड व्हता."

मी कापलेले तुकडे गोळा करायला लागलो. "आय, तो अंक घरात मी आनला व्हता."

"ठाव हाय." तिनं पदरानं तो कागद पुसला. "खिला घे. दारासमोरच्या भिंतीवर ठोक."

मी खिळा ठोकला, कागद लावला. वारा आला म्हणून दार ढकलायला गेलो, तर आय मागून म्हणाली, "ऱ्हाऊ दे उघडा."